कागदविरहित वर्गाकडे विद्यार्थी कसे पाहत आले

विद्यापीठीय वर्गातून कागद कमी करावा, हा विचार आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या मागणीतून नव्हे, तर शासकीय धोरणातून पुढे आला. ऑक्टोबर २०११ मध्ये ‘आकाश’ टॅब्लेटचे अनावरण झाले. शासनाला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडणार होता आणि विद्यार्थ्याला सवलतीत मिळणार होता. परंतु त्याची गती मंद होती, बॅटरी लवकर उतरे आणि बहुतेकांच्या हाती तो पोहोचलाच नाही.

महाराष्ट्रात खोल ठसा उमटला तो २०१७ मध्ये. मुंबई विद्यापीठाने त्या वर्षी उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकदम सर्व शाखांना लागू केली. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल रखडले, पुढील प्रवेश अडचणीत आले आणि अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. उत्तरे कागदावरच लिहिली गेली होती, केवळ तपासणी पडद्यावर गेली होती. तरीही ज्यांचे वर्ष टांगणीला लागले, त्यांच्या मनात ‘ऑनलाइन’विषयी अविश्वास बसला आणि तो मला रास्त वाटतो.

२०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे निवडीचा प्रश्नच उरला नाही. परीक्षेविना पदवी देता येणार नाही, या सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्टच्या निकालानंतर राज्यातील अंतिम वर्षाच्या परीक्षा मुख्यतः ऑनलाइन आणि बहुपर्यायी स्वरूपात झाल्या. पुढे २०२२ मध्ये लेखी परीक्षा पुन्हा जाहीर झाल्या, तेव्हा अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांनीच ऑनलाइन परीक्षेचा आग्रह धरला. यात पडद्याची ओढ शोधण्यापेक्षा, दोन वर्षे तुटलेला लिहिण्याचा सराव पाहणे अधिक न्याय्य ठरेल.

नवे तंत्र स्वीकारताना माणूस त्याची उपयुक्तता आणि सुलभता तोलतो, अशी मांडणी माहिती-तंत्रज्ञानाचे अमेरिकी अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये केली होती. विद्यार्थ्यांच्या वृत्तीचा अभ्यास आजही बहुधा याच चौकटीत होतो. मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या पाहणीत, अभ्याससाहित्य छापील असावे असेच बहुसंख्यांनी सांगितले. आपल्या विद्यार्थ्याला तर परीक्षेत तासन्‌तास हातानेच लिहायचे असते. म्हणून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आलेली पीडीएफ परीक्षा जवळ आली की महाविद्यालयाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पोहोचते.