माशाला पाऊस आल्यासारखं वाटावं म्हणून

जुलैचा पहिला आठवडा उलटला तरी भंडारा जिल्ह्यात पाऊस दडी मारून बसला होता. रोवणी खोळंबली होती, बांधीतले धानाचे पऱ्हे पिवळे पडायला लागले होते. अशा एका संध्याकाळी मी एका मत्स्यबीज केंद्रातल्या गोल हौदाच्या कठड्यावर बसलो होतो. हौदावर भोकं पाडलेला आडवा पाइप होता. त्यातून पाण्याची सर पडत होती आणि हौदातलं पाणी गरगर फिरत होतं. त्या पाण्यात रोहूच्या माद्या आणि नर सोडलेले. नदीला पूर आल्याशिवाय हे मासे अंडी देत नाहीत, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. म्हणून विचारलं, "पाऊसच नाही तर कसं व्हायचं?" व्हॉल्व्हपाशी उकिडवे बसलेले काका हसले. "आपण पाडून राहिलो ना पाऊस, भाऊ!"

रोहू, कतला आणि मृगळ हे मूळचे नदीचे मासे. तळ्यात सोडले तर खातात, वाढतात, दोनेक वर्षांत मादीच्या पोटात अंडीही भरतात. पण साचलेल्या पाण्यात ती अंडी बाहेर येत नाहीत. पुराचं पाणी काठच्या सखल जमिनीवर पसरलं की तिथल्या उथळ, गढूळ पाण्यात हे मासे अंडी सोडतात. नव्या पाण्यात शत्रू कमी असतात आणि चार-पाच दिवसांत पिल्लांना खायला सूक्ष्म जीवांचा सुकाळ होतो. तळ्यातल्या मादीला यातलं काहीच जाणवत नाही. ती वाट पाहत राहते, हंगाम सरतो आणि अंडी शरीरातच जिरून जातात.

म्हणूनच 1950च्या दशकापर्यंत तळ्यात मासे पाळणाऱ्याला बी, म्हणजे सोडायला पिल्लं, हवं असेल तर ते बहुतांशी नदीतूनच आणावं लागे. बंगालमध्ये पुराच्या दिवसांत बारीक जाळी लावून नदीतली पिल्लं धरत आणि मातीच्या हंड्यांत घालून रेल्वेने लांब लांब पाठवत. वाटेत पाण्यात हवा मिसळत राहावी म्हणून सोबतचा माणूस हंडी हाताने हलवत बसे. एवढं करून हंडीत नेमकं काय आलंय ते कळायला काही आठवडे जात. रोहू म्हणून सोडलेल्या पिल्लांत दुसरेच मासे निघत, त्यातले काही रोहूलाच खाणारे.

हा तिढा सुटला तो 10 जुलै 1957 रोजी, ओडिशातल्या अंगुल इथे. हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी तळ्यात वाढलेल्या माशांना दुसऱ्या माशांच्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचला आणि त्यांच्याकडून अंडी मिळवली. कल्पना अगदीच नवी नव्हती. अर्जेंटिनात आणि ब्राझीलमध्ये 1930च्या दशकात असे प्रयोग झाले होते. पण रोहू-कतलासारख्या आपल्या मोठ्या कार्प माशांवर ही युक्ती चालली ती पहिल्यांदा त्या दिवशी. देशात 10 जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो याचसाठी. आपल्या ताटातल्या रोहूचा जन्म बहुतेक वेळा नदीत झालेला नसतो, हे मात्र खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

पियुषिका मेंदूच्या खालच्या अंगाला असते आणि कार्पमध्ये तिचं वजन काही मिलिग्रॅमच भरतं. बाजारात कापलेल्या प्रौढ माशांची डोकी गोळा करायची, कवटी उघडून ग्रंथी अलगद काढायची, निव्वळ अल्कोहोलमध्ये ठेवायची आणि वापरायच्या वेळी वाटून पाण्यात कालवायची, असा तो उद्योग होता. मादीला दोन डोस लागत, आधी किलोमागे 2-3 मिलिग्रॅम आणि सहा तासांनी 5-8 मिलिग्रॅम. नराला एकच, तोही मादीच्या दुसऱ्या डोसाबरोबर. ग्रंथी कोणत्या माशाची, तो किती पक्व होता, त्यावर गुण ठरे. त्यामुळे एका रात्री शंभर टक्के यश, दुसऱ्या रात्री हौदात नुसतेच मासे.

आता हॅचरीत, म्हणजे अशा मत्स्यबीज केंद्रात, तयार इंजेक्शन मिळतं. ते एकदाच द्यायचं, मादीला किलोमागे साधारण अर्धा मिलिलिटर. त्यात दोन गोष्टी असतात आणि मला या दोन गोष्टींचीच सगळ्यात गंमत वाटते. माशाच्या मेंदूतून एक संप्रेरक निघतं, ते पियुषिकेला सांगतं की वेळ झाली, मग पियुषिका अंडाशयाला कळवते. पण त्याच वेळी मेंदूतलं डोपामाइन पियुषिकेला आवरून धरत असतं. पूर आला की ही पकड सुटते, तळ्यात सुटत नाही. इंजेक्शनातला पहिला घटक म्हणजे मेंदूतल्या त्या संप्रेरकाची कृत्रिम, जास्त टिकाऊ प्रतिकृती. दुसरा घटक डोपामाइनला अडवतो, आणि त्याचं नाव डोंपेरिडोन. उलटी होऊ नये म्हणून डॉक्टर देतात ती गोळी तुम्हीही कधीतरी घेतली असेल, तेच हे औषध! जुन्या पद्धतीत दुसऱ्या माशाचं संप्रेरक उसनं आणून टोचत होते, आता माशाच्याच पियुषिकेला काम करायला मोकळं करतात.

पण इंजेक्शन म्हणजे जादू नव्हे. पोटात अंडी पिकलेलीच नसतील तर कितीही टोचा. म्हणून काकांचा खरा कस दुपारीच लागला होता, मासे निवडताना. नराचा छातीचा पर बोटाला खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. नराचं पोट हलकेच दाबलं की दुधासारखा थेंब येतो. मादीचं पोट फुगीर पण मऊ हवं. त्यांनी ओल्या फडक्यात धरून एकेक मासा असा चाचपला आणि निम्मे परत तळ्यात सोडले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "हे अजून आठ दिवस मागं आहेत."

रात्री बाराच्या सुमाराला हौदात खळबळ सुरू झाली. नर मादीला ढुशा देत होते, पाणी उडत होतं. पहाटे टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर अंडीच अंडी, साबुदाणा भिजून फुगावा तशी पारदर्शक. रोहूची मादी किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते. ती पाण्यापेक्षा किंचित जड असतात. स्थिर पाण्यात तळाशी एकावर एक बसली तर खालची गुदमरून मरतात. म्हणून तर हौद गोल. तिरप्या नळांतून सोडलेलं पाणी फिरत राहतं आणि अंड्यांना बूड टेकू देत नाही. ही रचना चीनमधून आली. त्याआधी आपल्याकडे तळ्यात हापा, म्हणजे कापडाची चौकोनी पेटी, बांधून त्यात अंडी उबवत. पंधरा-सोळा तासांत अंडी फुटतात. पुढचे तीन दिवस पिल्लं पोटाला चिकटलेल्या बलकावर जगतात, मग तोंड उघडतं. या तीन दिवसांच्या पिल्लांना म्हणतात मत्स्यजिरे. नाव ठेवणाऱ्याला मानलं पाहिजे, कारण ओंजळीत घेतलं तर खरोखर जिरंच वाटतं, फक्त वळवळणारं. पाऊण सेंटिमीटरही नसतं.

हॅचरीचं काम इथे संपतं. माझ्या मते खरी परीक्षा इथून पुढे असते आणि लहान प्रमाणावर मासे पाळणारे बहुतेक जण नेमके इथेच बुडतात. ओळखीच्या एका शेतकऱ्याने जिरे स्वस्त मिळतात म्हणून एक लाख आणून थेट मोठ्या तळ्यात सोडले. दिवाळीनंतर जाळं ओढलं तर हाताला आले मोजून दोनशेच्या आत. हॅचरीवाल्याने फसवलं म्हणून तो अजून बोलतो. फसवलं नव्हतं. त्या तळ्यात मरळ होती, शिंगाळा होता, बेडूक होते. त्यांची एक लाखाची मेजवानी झाली.

जिऱ्यांना आधी लहान, उथळ, शत्रू नसलेलं तळं लागतं. तिथे पंधरा-वीस दिवसांत ती इंचभर होतात, मग त्यांना मत्स्यबीज म्हणायचं. पुढे दोन-तीन महिन्यांत बोटाएवढी झाली की बोटुकली. मोठ्या तळ्यात सोडायची ती बोटुकली, कारण मरळीच्या तोंडात ती सहजी मावत नाही. नीट काळजी घेतली तर लाखभर जिऱ्यांतून तीस-पस्तीस हजार बीज आणि त्यातून वीसेक हजार बोटुकली हाती लागते. ऐकायला हे कमी वाटतं, पण नदीत याच्या पासंगालाही पुरेल एवढं उरत नाही.

पूर्व विदर्भात यासाठी एक सोय आयती आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गावोगावी मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातले) तलाव, आणि धानाच्या बांध्यांना पाणी देणाऱ्या छोट्या बोड्या आहेत. बोडी उन्हाळ्यात कोरडी पडते म्हणून मासेवाले तिला नाकं मुरडतात. बीज वाढवायला मात्र कोरडी पडणारी बोडीच उत्तम! मरळ-शिंगाळा उन्हाने गेलेले असतात, तळाच्या चिखलाला भेगा पडून हवा लागलेली असते, आणि नवं पाणी भरलं की तो चिखल अन्नद्रव्यं सोडतो. नदीकाठच्या पूरजमिनीत जे घडतं त्याचीच ही घरगुती आवृत्ती. जुलैत जिरे सोडले तर सप्टेंबर-ऑक्टोबरात बोटुकली तयार, आणि नेमकी तेव्हाच ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्थांना तलावात सोडायला ती हवी असते.

बोडी पूर्ण आटली नसेल तर उरलेले मासे मारायला मोहाची पेंड टाकायची, दहा गुंठ्यांत मीटरभर पाणी असेल तर अडीचशे किलो. तिच्यातलं सॅपोनिन माशांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. मेलेले मासे माणसाने खाल्ले तर चालतात. पंधरा-वीस दिवसांत विष ओसरतं आणि तीच पेंड पुढे खत होते. मग चुना, शेण, थोडी शेंगदाण्याची पेंड. हे सगळं पिल्लांसाठी नसतंच. ते असतं पाण्यातल्या शेवाळासाठी, शेवाळ खाणाऱ्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या जीवांसाठी, आणि ते जीव पिल्लांसाठी. नुकत्याच उघडलेल्या तोंडात रोटिफर हा अगदी सूक्ष्म जीव मावतो, पाण्यातली पिसू मावत नाही. खत घालून फार दिवस गेले तर तळ्यात मोठे जीव माजतात आणि पिल्लं भरल्या ताटापुढे उपाशी मरतात. फार लवकर सोडलं तर ताटच रिकामं. दोन-तीन दिवसांची ही चुकामूक पुढे कितीही खाद्य टाकून भरून निघत नाही.

एवढ्यात पाण्यात किडे येतात. पाठीवर उलटा पोहणारा एक किडा आणि चतुराची अळी, दोघंही जिरे टिपून खातात. उलट्या किड्यावरचा इलाज मला फार आवडतो. जिरे सोडायच्या आदल्या दिवशी स्वस्त तेल आणि कपड्याचा साबण एकत्र घोटून पाण्यावर पसरायचा, दहा गुंठ्यांना साडेपाच किलो तेल आणि पावणेदोन किलो साबण पुरतो. हा किडा श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतो. वर तेलाचा तवंग असला की गुदमरतो. चतुराची अळी पाण्यातच कल्ल्यांनी श्वास घेते, तिला तेलाचं काही नाही. तिच्यासाठी बारीक जाळी ओढत राहायची.

दहा गुंठ्यांत तीन ते पाच लाख जिरे मावतात. शेंगदाणा पेंड आणि भाताचा बारीक कोंडा निम्मा-निम्मा, लाखाला रोज सहाशे ग्रॅम, सहाव्या दिवसापासून दुप्पट. पाण्याचा हिरवेपणा पाहायला यंत्र लागत नाही. हात बुडवायचा. कोपर बुडायच्या बराच आधी तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार हिरवं, कोपर बुडूनही बोटं लख्ख दिसली तर खाद्य कमी. फार हिरव्या पाण्याचा धोका पहाटे कळतो. रात्री शेवाळही प्राणवायूच खातं. चार दिवस ढग राहिले की सूर्योदयाआधी पिल्लं पृष्ठभागावर तोंडं उघडून झुंबड करतात. अशा सकाळी खाद्य बंद आणि पंप चालू.

प्लास्टिकच्या शेततळ्यांत हे गणित बदलतं. नाशिक, सांगली, सोलापूरकडे द्राक्ष-डाळिंबासाठी खणलेल्या तळ्यांत खाली माती नसते, त्यामुळे चिखलातून मिळणारं काहीच मिळत नाही. तिथे बीज वाढवायचा हट्ट न धरता तयार बोटुकली आणून विकतच्या खाद्यावर वाढवणं बरं. आणि मे महिन्यात तळ्यातलं पाणी बागेला जाणार, हे मासा सोडतानाच ठरवून टाकायचं.

बीज विकत घेणाऱ्याने आणखी एक गोष्ट विचारायला हवी, ती फारसं कुणी विचारत नाही. आई-बाप कुठले? वर्षानुवर्षं त्याच पाच-पन्नास माशांचं प्रजनन केलं तर भावंडांची भावंडांशी गाठ पडते आणि पिढी खुरटत जाते. एकाच हौदात कतला आणि रोहू सोडले तर संकरही होतात. यावर उतारा म्हणून भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने नॉर्वेच्या साहाय्याने निवड पद्धतीने 'जयंती' रोहू तयार केला. तो 1997मध्ये बाहेर आला आणि त्याची वाढ पिढीगणिक साधारण 17 टक्क्यांनी सुधारल्याचं मोजलं गेलं. पण सुधारित वाणही त्याच चार माद्यांवर दहा वर्षं चालवला तर सुधारणा किती दिवस टिकणार?

चौथ्या दिवशी मी पुन्हा केंद्रावर गेलो. जिरे मापाने मोजणं चालू होतं. जाळीची एक लहानशी वाटी भरून घ्यायची, तिच्यातले एकदा मोजायचे, पुढे नुसत्या वाट्या. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग प्राणवायू, वर रबर. त्यांना अजून खाद्य दिलंच नव्हतं, वाटेत पिशवीत घाण होऊन अमोनिया साचू नये म्हणून. एक ताई तीन पिशव्या मोपेडच्या पायदानावर ओलं गोणपाट टाकून ठेवत होत्या. काकांनी त्यांना हटकलं, "ताई, गेल्या गेल्या सोडू नका. पिशवी तशीच पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून बोडीचं पाणी थोडं थोडं आत घ्या."

"माहीत आहे हो," ताई म्हणाल्या, "मागच्या साली शिकली मी ते," आणि किक मारली. त्या निघेपर्यंत आभाळ भरून आलं होतं आणि काका फवाऱ्याचा व्हॉल्व्ह बंद करायला उठले होते.