वॉट निराळे, इलेक्ट्रॉन-व्होल्ट निराळे

‘गॅमा किरणांत ऊर्जा सर्वांत जास्त, रेडिओ लहरींत सर्वांत कमी.’ शाळेत पाठ केलेलं हे वाक्य खरं आहे, पण अर्धवट. कारण मग कुणीही विचारेल, शंभर किलोवॉटचं रेडिओ प्रक्षेपण केंद्र दुबळं आणि दाताच्या डॉक्टरकडचं इवलंसं एक्स-रे मशीन जबरदस्त, हे कसं?

घोळ आहे तो ‘ऊर्जा’ या शब्दात. प्रकाश दर सेकंदाला एकूण किती ऊर्जा आणतो, हे एक मोजमाप. ते वॉटमध्ये सांगतात. ती ऊर्जा ज्या पुड्यांमधून येते त्यातल्या एकेका पुडीत, म्हणजे फोटॉनमध्ये, किती भरलेली आहे, हे दुसरं, ते इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. रेडिओकडून गॅमाकडे जाताना चढत जाते ती ही दुसरी. पहिलीचा वर्णपटातल्या जागेशी काही संबंध नाही.

कैरी पाडायची असेल तर ओंजळभर वाळू भिरकावून काय होणार? वजन दगडाहून जास्त भरेल, कैरी मात्र जागची हलणार नाही. देठावर नेमका बसलेला एकच दगड पुरतो.

पुडीतला माल मोजणं सोपं आहे. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घ्यायची आणि १२४० ला तिने भागायचं. ‘तानापिहिनिपाजा’तला तांबडा ७०० नॅनोमीटरचा धरला तर सुमारे १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ४०० चा जांभळा ३.१. म्हणजे डोळ्यांना दिसणारं सगळं जग दुपटीच्याही आत मावलं! बाकीचा पट मात्र अफाट आहे. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या लहरी सुमारे १२ सेंटिमीटरच्या, त्यांचा फोटॉन जेमतेम ०.००००१ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. एक्स-रेचा फोटॉन हजारोंच्या घरात, आणि कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा फोटॉन ११.७ आणि १३.३ लाखांचे.

आता स्वयंपाकघरातच बघा. ओव्हन ८०० वॉटचा, आणि पाण्याच्या फिल्टरमधली अतिनील नळी ११ वॉटची. ओव्हन भात गरम करतो, कारण उष्णतेच्या बाबतीत ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे अगदी खरं: सेकंदाला अब्जावधी अब्ज फोटॉन येतात आणि पाण्याचे रेणू गदगदा हलवतात. नळीतून २५४ नॅनोमीटरचे, ४.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे फोटॉन निघतात. प्रत्येक जण ओव्हनच्या फोटॉनच्या जवळपास पाच लाख पट दणकट. पाणी कोमटही होत नाही, पण जंतूंच्या डीएनएची मोडतोड होते. तिथे थेंब साचवून भागत नाही, कारण पहिल्या फोटॉनने दिलेली ऊर्जा दुसरा येईपर्यंत आजूबाजूला उष्णता म्हणून वाटली गेलेली असते. (अतितीव्र लेझरखाली दोन फोटॉन एकदम गिळले जाऊ शकतात, पण घरात असला लेझर नसतो.)

फोटो स्टुडिओतली जुनी डार्करूम ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सांगावं लागणार नाही. लाल दिव्याखाली, रसायनाच्या ट्रेमध्ये कागद हलवत चेहरा उमटताना निवांत बघायचं. कृष्णधवल छपाईचा तो कागद लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळा. आणि कुणी दार किलकिलं केलं, पांढऱ्या उजेडाची तिरीप आली, की कागद काळा! त्या तिरिपेत निळे फोटॉन असतात.

१९०२ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप लेनार्डला हेच धातूवर दिसलं होतं. प्रकाश वाढवला की इलेक्ट्रॉन जास्त निघतात, पण एकेकाचा वेग वाढत नाही. का, ते १९०५ मध्ये आइन्स्टाइनने सांगितलं, आणि १९२१ चं नोबेल त्याला सापेक्षतेसाठी नव्हे, यासाठी मिळालं.

‘रेडिएशन’ शब्द ऐकून मोबाइल टॉवर आणि एक्स-रे एकाच पंगतीत बसवतात, ती हीच गल्लत. टॉवरचे फोटॉन ओव्हनच्याच जातकुळीतले. रेणूतून इलेक्ट्रॉन उपटायला दहाएक इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, ते त्यांच्याकडे नाहीत. अगदी जवळ गेल्यास उष्णतेचा प्रश्न येतो, आणि तो वॉटचा प्रश्न. याउलट पाच ग्रे (शरीराच्या दर किलोत एक ज्यूल ऊर्जा शिरली की एक ग्रे) इतकी गॅमा किरणांची मात्रा सगळ्या अंगावर एकदम पडली तर उपचारांवाचून माणूस दगावण्याचीच शक्यता जास्त. साठ किलोच्या शरीरात तेव्हा शिरलेली एकूण ऊर्जा भरते ३०० ज्यूल. गरम चहाचा एक घोट याहून जास्त देतो.