‘लाइक’चं खरं वय

‘दर वाक्यात लाइक कशाला?’ हा टोमणा इंग्रजी बोलणाऱ्या मुलींच्या निदान दोन पिढ्यांनी ऐकला आहे. ‘सारखं’ या अर्थाचा हा इंग्रजी शब्द (like) गरज नसताना जिथेतिथे पेरायची खोड कॅलिफोर्नियातल्या किशोरींनी लावली, अशी त्यामागची समजूत. १९८२ साली अमेरिकी संगीतकार फ्रँक झप्पा यांचं ‘व्हॅली गर्ल’ हे गाणं आलं. त्यांची चौदा वर्षांची मुलगी मून हिने त्यात लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतल्या मुलींच्या बोलण्याची नक्कल केली होती. गाणं गाजलं आणि ठपका मुलींवर बसला तो बसलाच.

हा ठपका चुकीचा आहे. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमधले जॅझवेडे आणि ‘बीट’ म्हणवणारी बंडखोर लेखक-कवी मंडळी वाक्याची सुरुवातच ‘लाइक’ने करत, आणि त्यांत पुरुषांचाच भरणा होता. आयर्लंडमध्ये आणि इंग्लंडच्या उत्तर भागात तर वाक्याच्या शेवटी ‘लाइक’ जोडायची रीत फार जुनी. इंग्रज लेखिका फॅनी बर्नी यांच्या १७७८ सालच्या ‘एव्हलिना’ कादंबरीतही वडील ‘क्वाइट अनईझी, लाइक’ (म्हणजे चांगलेच अस्वस्थ) झाल्याचं एक पात्र सांगतं.

मला सर्वात बोलका वाटतो तो न्यूझीलंडचा पुरावा. १९४०च्या दशकात तिथल्या रेडिओने गावोगावच्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतले काही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेले. अलेक्झांड्रा डार्सी या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी ती मुद्रणं तपासली, तेव्हा या आजीआजोबांच्या तोंडीही वाक्याच्या मधोमध ‘लाइक’ सापडला.

नवा आहे तो एकच वापर : ‘आय वॉज लाइक, नो वे!’ अमेरिकेतल्या भाषाअभ्यासकांनी त्याची नोंद घेतली तीही १९८२च्या सुमारास. इथे ‘लाइक’ हा शब्द ‘म्हणाले’चं (‘सेड’चं) काम करतो, पण तोंडातून शब्द निघालेच असतील असं नाही. मनातला विचार, चेहऱ्यावरचा भाव, खांदे उडवणं, सगळं त्यात येतं. ‘सेड’ला हे पेलत नाही, म्हणून हा वापर झपाट्याने जगभर गेला.

मराठीत याचा उलटा प्रवास दिसतो. तिकडे ‘सारखं’ या अर्थाचा शब्द ‘म्हणाला’च्या जागी येऊन बसला, आपल्याकडे ‘म्हणणे’ या क्रियापदातून निघालेला ‘म्हणजे’ बोलताना अडखळलो की आधाराला येतो. म्हणजे... कसं सांगू!