किमान रक्कम भरली की व्याज लागत नाही?

क्रेडिट कार्डाच्या बिलावर ‘एकूण देय रक्कम’ आणि ‘किमान देय रक्कम’ असे दोन आकडे असतात, आणि त्यांतला लहान आकडा वेळेत भरला की व्याज लागत नाही, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. किमान रक्कम भरल्याने केवळ विलंब शुल्क टळते आणि खाते थकीत ठरत नाही. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते.

समजा, बिल 20,000 रुपयांचे आहे आणि आपण 1,000 रुपये भरले. दरमहा साडेतीन टक्के हा अनेक कार्डांवर आढळणारा दर धरला, तर उरलेल्या 19,000 रुपयांवर महिन्याचे व्याज 665 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 785 रुपये होतात; पुढच्या महिन्यात पुन्हा हजारच भरले, तर मुद्दल जेमतेम 215 रुपयांनी उतरते.

याहून खटकणारी गोष्ट अशी, की थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे किराणा घेतला त्या दिवसापासूनच त्याचे व्याज मोजले जाते.