टाइप ओतणारं जुनं यंत्र: साफसफाईमागचा इतिहास

जुना मोनोटाइप कास्टर, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं धातूत ओतणारं यंत्र, हाती आला की लक्ष आधी गंजाकडे जातं. गंज निघतो. जपायला हवा तो साचा. त्याची पाती आणि ठोकळे कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. त्यामुळे एका साच्याचा भाग दुसऱ्यात बसला, तरी अचूक बसेलच असं नाही. म्हणून साचा खोलताना प्रत्येक तुकड्याची जागा आणि दिशा नोंदवायची, आणि दोन साच्यांचे भाग एका ताटात कधीच ठेवायचे नाहीत.

ही शिस्त यंत्राहून जुनी आहे. पूर्वी टाइप हातसाच्यात ओतत. साच्याचे दोन अर्धे एकमेकांवर सरकत. खिळ्याची, म्हणजे ओतलेल्या सुट्या अक्षराची, उंची आणि अंग (अक्षराच्या वरून खालपर्यंतचं माप) कायम राही, रुंदी मात्र अक्षरानुसार बदले. तळाशी अक्षराचा खोलगट ठसा असलेली मॅट्रिक्स बसवलेली असे. ओतारी पळीनं धातू ओतायचा आणि साच्याला झटका द्यायचा, म्हणजे धातू कोपऱ्यांपर्यंत पोचे. १६८३ साली इंग्लंडमध्ये जोसेफ मॉक्सननं लिहून ठेवलंय की एक कारागीर दिवसाला साधारण ४,००० अक्षरं ओततो. १८३८ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड ब्रूस (धाकटा) यानं धातू पंपानं साच्यात दाबणारं यंत्र केलं. पळी गेली, पण साच्याचं तत्त्व तेच राहिलं.

१८८६ मध्ये ओटमार मर्गेनथालरचं लायनोटाइप ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये चालू झालं. ते अख्खी ओळ एकसंध ओतायचं. टॉल्बर्ट लॅन्स्टनचं पहिलं पेटंट १८८७ चं. त्याच्या मोनोटाइपनं सुटा खिळा सोडला नाही, आणि मला त्यातली खरी करामत हीच वाटते. कळफलकावर कागदी पट्टीला भोकं पडत. कास्टर ती पट्टी उलटी, शेवटाकडून वाचे. त्यामुळे ओळीत शब्दांमधली जागा किती सोडायची, हे ओळीतलं एकही अक्षर ओतण्याआधीच त्याला कळलेलं असे. हवेचा दाब भोकांतून जाऊन मॅट्रिक्सची चौकट जागेवर आणायचा, पातं रुंदी ठरवायचं, खालून पंप धातू दाबायचा आणि पाण्यानं थंड झालेला खिळा बाहेर पडायचा. मिनिटाला १४० च्या आसपास.

आता हिशेब करून पाहा. प्रत्येक खिळा फक्त एक सहस्रांश इंच जास्त रुंद झाला, तर साठ अक्षरांच्या ओळीत ०.०६ इंच वाढतो, म्हणजे चार पॉइंटांहून अधिक (पॉइंट म्हणजे छपाईतलं माप, इंचाचा साधारण बहात्तरावा भाग). अशी ओळ चौकटीत बसतच नाही. म्हणून साच्याच्या पृष्ठभागावर पॉलिश कागद किंवा पोलादी खरवडणी चालवू नये. तेलकट कापड, लाकडी किंवा पितळी काडी आणि भरपूर वेळ, एवढंच लागतं. कोरडा ब्रश टाळावा. शिशाची धूळ श्वासात जाते. थंडाव्याच्या पाण्याच्या वाटांत साचलेला क्षारही काढायला हवा, नाहीतर साचा तापतो आणि खिळे पोकळ निघतात.

पंपाचा दट्ट्या धातू वितळवायच्या भांड्यात, गोठलेल्या धातूत घट्ट बसलेला असतो. तो हातोडीनं ठोकायचा नाही. टाइपचा धातू, म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचं मिश्रण, योग्य प्रमाणात असलं तर २४० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं. शुद्ध शिशाला ३२७ लागतात. अँटिमनीमुळे खिळा कडक होतो आणि आकुंचन कमी राहतं. भांडं तापवून धातू पातळ झाला की दट्ट्या आपोआप सुटतो. त्या धातूत जस्त मात्र जाऊ देऊ नका. थोडंसंही जस्त ओतकाम बिघडवतं.

१९७८ च्या जुलैत ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं गरम धातूची छपाई थांबवली. फोटोटाइपसेटिंग (धातूऐवजी फिल्मवर प्रकाशानं अक्षरं उमटवणं) आल्यावर अशी कित्येक यंत्रं मोडीत गेली. सुटे भाग आता बहुधा दुसऱ्या मोडलेल्या यंत्रातूनच मिळतात, आणि आणलेला साच्याचा भाग आपल्या साच्याशी जुळतोय की नाही हे आधी मोजावं लागतं. पुन्हा जोडल्यावर पहिला खिळा ओतून मायक्रोमीटरनं त्याचं अंग दोन्ही टोकांना मोजावं. फरक दिसला, तर स्क्रू आवळत बसू नये. साचा पुन्हा खोलून आत अडकलेला कण शोधावा.