खडा निघाला, नळीचं काय?

पुण्यात ‘खडे झालेत’ म्हटलं की ऐकणारा पित्ताच्या पिशवीतले नाहीतर मूतखडे समजतो. पिशवी दुर्बिणीतून काढली की विषय संपला. म्हणूनच सोलापूर-साताऱ्याकडून इथं आलेला पेशंट ‘पिशवी तर मागेच काढलीय, मग परत खडे आले कुठून?’ असं विचारतो, तेव्हा त्याचा प्रश्न रास्तच असतो. हे खडे यकृताच्या आतल्या पित्तनलिकांतच धरतात, बऱ्याचदा डाव्या भागात.

आजार मुख्यतः पूर्व आशियातला. १९३० मध्ये हाँगकाँगच्या केनेल्म डिग्बी या सर्जननं यकृतात तयार होणाऱ्या खड्यांविषयी लिहिलं. १९५४ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी या दुखण्याला ‘पुनःपुन्हा होणारा पूयुक्त पित्तनलिकादाह’ असं लांबलचक नाव दिलं. हुडहुडी भरून ताप, कावीळ, पोटात वरच्या बाजूला दुखणं. औषधानं उतरतं आणि पुन्हा उलटतं. आपल्याकडे काश्मीरमध्ये पित्तनळीत शिरणाऱ्या गोल जंतांशीही त्याचा संबंध दिसला. खडा कसा बनतो, याचा उलगडा १९६६ मध्ये जपानच्या माकी यांनी केला: नळीत शिरलेल्या ई. कोलाय जंतूंचं एन्झाइम बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं रंगद्रव्य, सुटं करतं, ते कॅल्शियमबरोबर साका धरतं. असा खडा तपकिरी आणि ठिसूळ असतो, चिमटीत दाबला की भुगा होतो.

या खड्यांसोबत पित्तनलिकेचा कर्करोग आढळल्याची नोंद १९४२ पासून आहे. तरी पुढची कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष खड्यावरच राहिलं, आणि ते साहजिकही होतं. तापानं फणफणलेल्या माणसाची तुंबलेली नळी आधी मोकळी करायला हवी. नळीच्या अस्तराकडे पाहिलं ते पॅथॉलॉजिस्टांनी. १९८५ मध्ये जपानमधल्या कानाझावाच्या नाकानुमा आणि सहकाऱ्यांनी खडे व कर्करोग एकत्र असलेल्या १२ रुग्णांची यकृतं तपासली. गाठीच्या आसपासच्या नळ्यांत, जिथं कर्करोग अजून पोचला नव्हता तिथंही, पेशी बिघडलेल्या होत्या.

कर्करोगाआधीच्या याच बदलांना पुढे ‘बिलिन’ (बिलिअरी इंट्राएपिथेलियल निओप्लाझिया) म्हणू लागले. निरोगी अस्तरात पेशी एका रांगेत असतात, केंद्रकं तळाशी. बिघाड सुरू झाला की केंद्रकं एकमेकांवर चढतात, मग शिस्त सोडून वरच्या कडेपर्यंत पोचतात. शेवटच्या पायरीवर पेशी हुबेहूब कर्करोगाच्या दिसतात, फक्त त्यांनी अस्तराखालचा पडदा ओलांडलेला नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या वर्गीकरणात याच्या ३ पायऱ्या होत्या. २०१९ मध्ये सौम्य आणि तीव्र अशा २ च ठेवल्या. मला हे पटतं. मधली पायरी ठरवताना दोन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत होणं मुश्कील.

अडचण अशी की सपाट बिलिन नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्येही नाही. बहुतेक वेळा काढलेल्या यकृताच्या तुकड्यातच सापडतं. कर्करोगाचा माग काढायला वापरतात त्या सीए १९-९ या रक्ततपासणीतला आकडाही नुसत्या जंतुसंसर्गानं वाढतो. त्यामुळे यकृताचा एखादा भाग आक्रसला असेल, नळी अरुंद झाली असेल, तर सर्जन खड्यांसकट तो भागच काढायचा विचार करतात. ज्यांचे फक्त खडे काढलेत, त्यांनी ताप नसतानाही तपासणीला येत राहायचं असतं, आणि नेमके तेच येत नाहीत.