हान्स बेटावरचं ‘व्हिस्की युद्ध’ कधीच मिटलंय

‘कॅनडा आणि डेन्मार्क एका बेटासाठी अजूनही दारूच्या बाटल्यांनी लढतात’ हा फॉरवर्ड दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो. किस्सा झकास आहे, पण शिळा. १४ जून २०२२ रोजी दोन्ही देशांनी करार करून बेट वाटून घेतलं.

डेन्मार्कच्या अखत्यारीतलं ग्रीनलंड आणि कॅनडाचं एल्समीर बेट यांच्यामधल्या अरुंद सामुद्रधुनीत, दोन्ही किनाऱ्यांपासून साधारण १८ किलोमीटरवर हा जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरचा उघडा खडक आहे. झाड नाही, वस्ती नाही. नाव मात्र खऱ्या माणसाचं: हान्स हेंड्रिक, एकोणिसाव्या शतकातल्या ध्रुवीय मोहिमांचा ग्रीनलंडी वाटाड्या.

वादाचं मूळ १९७३ च्या करारात. समुद्रतळाची हद्द आखताना रेघ बेटाच्या दक्षिण टोकाशी थांबवली आणि उत्तर टोकापासून पुन्हा सुरू केली; मधला खडक तसाच सोडला! १९८४ पासून दोन्ही देश आळीपाळीने बेटावर आपला झेंडा रोवून दुसऱ्यासाठी दारूची बाटली ठेवू लागले, पण गोळी कधीच झाडली गेली नाही. ‘तेलासाठी भांडले’ हेही उगाच. बेटावर तेल सापडलेलंच नाही.

आता हद्द बेटावरच्या एका नैसर्गिक घळीच्या कडेने जाते. तिथल्या मूळ रहिवासी इनुइट शिकाऱ्यांची ये-जा पूर्वीसारखीच चालू राहावी, हेही करारात आहे.